जोडावरची लेस

आत्या,

तू गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सगळे तुझ्याबद्दल दोन-दोन शब्द बोलले. कुणी म्हणालं कष्टाळू होत्या, कुणी म्हणालं मनमिळाऊ होत्या. मनमिळाऊ! ते ऐकायला तू हवी होतीस. शेजारणीला कोपर मारून म्हणाली असतीस, "कोणाचं सांगून राहिले वं हे?" मग मला उभं केलं. घरातली पहिली बी.ए. झालेली मुलगी, ती चांगलं बोलेल असं सगळ्यांना वाटलं होतं. मी उभी राहिले, समोरच्या बायकांकडे पाहिलं, तर तिघी-चौघींच्या अंगावर तुझ्या हातचे ब्लाउज होते. मी खाली बसले.

म्हणून आता लिहिते आहे. आपला भाग मध्य प्रदेशात, म्हणून माझं शिक्षण हिंदीतून झालं, कचेरीतले कागदही मी हिंदीत लिहिते. पण तुझ्याशी हिंदीत बोलले तर तू म्हणशील, "कोण साहेबीण आली?"

मी बोरगावहून तुझ्याकडे पांढुर्ण्याला आले तेव्हा सहावीत होते. बाबांनी माझी पत्र्याची पेटी तुझ्या दारात ठेवली आणि म्हणाले, "हे शिकते म्हणते. तुह्याजवळ ठेव." तू एकटीच होतीस. मामा, म्हणजे तुझे मालक, तिगावला रेल्वेत गँगमन होते, ते जाऊन वर्ष झालं होतं. तू माझी पेटी उघडली, आतले दोन फ्रॉक हातात घेऊन पाहिले, त्यातला एक खिडकीशी धरला. उजेड आरपार आला. "हे फ्रॉक आहे का चाळणी?" म्हणालीस, आणि त्याच संध्याकाळी कपाटातून मामांचं धोतर काढलंस.

गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत असं लोक म्हणत. तू ठेवले होतेस, धुऊन, घडी करून. ते धोतर तू आधी रात्रभर पाण्यात भिजवलं, खळ काढून टाकली, मग दोरीवर वाळत घालून त्याच्यामागे उन्हाकडे तोंड करून उभी राहिलीस आणि बोटांनी जागा चाचपत गेलीस. माणूस बसतो तिथे कापड विरतं, काठाशी आणि निऱ्यांत ते शाबूत असतं. तू विरलेल्या भागांभोवती कोळशाने गोल काढलेस आणि उरलेल्या तुकड्यांत माझा फ्रॉक शोधून काढलास. सहा तुकडे निघाले. सहा तुकड्यांचा फ्रॉक म्हणजे त्यावर जोडच जोड. मी रडवेली झाले. वर्गात सगळ्यांना कळेल की हा जुन्याचा आहे.

दोन दिवस दुपारी, बाकी गल्ली झोपलेली असताना, तू लेस विणत बसलीस. तुझी ती क्रोशाची सुई मला आठवते, सायकलच्या चाकाची तार दगडावर घासून केलेली. फ्रॉक झाला तेव्हा प्रत्येक जोडावर बोटभर रुंद लेस होती. जोड कुठे गेले तेच दिसेना. जिथे कापड तुटलं होतं तिथेच नक्षी उभी होती.

"आता सांग, कुठं जोड हाये?" तू विचारलंस.

मी जिथे बोट ठेवलं तिथे लेसच होती.

शाळेत बाईंनी विचारलं, फ्रॉक कुठून आणला. मी मान वर करून म्हटलं, "माझ्या आत्यानं केला." त्या वयात मी खरं सांगत होते, आत्या. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

पांढुर्ण्याचा उन्हाळा म्हणजे नवं कापड अंगाला टोचण्याचे दिवस. तू म्हणायचीस, "नव्या कापडाले आंगाची वळख नाई रायत. धू-धू धुतलेलं लुगडं कसं आंगाले धरून रायते." म्हणून होळी झाली की तुझ्या दाराशी गाठोडी येऊ लागत. कुणाचं जुनं लुगडं, कुणाचं विटलेलं पातळ. त्यातून लेकरांची झबली, मुलींचे कमीज, म्हाताऱ्यांच्या बिनबाह्यांच्या बंड्या. गळ्याला लेस, घेराला लेस. मुलगी वाढली की घेराची लेस उसवून खाली एक पट्टी जोडायची आणि जोडावर तीच लेस पुन्हा. कापड दोन उन्हाळ्यांत संपायचं, लेस नाही. माझ्या सहावीतल्या फ्रॉकची लेस मी अकरावीत असताना माझ्या उशीच्या अभ्र्यावर होती.

आणि तुझे दोन नियम होते. पहिला, ज्याचं कापड त्याच्याच घरात जाईल. कुणी आपलं उतरलेलं आपल्याला दिलं तर घ्यायचं नाही. का, ते तू मला एकदाच सांगितलंस. आपल्या आजोबा-पणजोबांना अंगावर घालायला गावाने उतरवून टाकलेलंच मिळायचं, आणि मेलेल्याच्या अंगावरचं. "ते आपल्या लोकांनी सोडलं. सोडलं म्हंजे सोडलं."

दुसरा नियम कुणालाच सांगितलेला नव्हता, पण सगळ्या पांढुर्ण्याला माहीत होता. शिवायला आलेल्या बाईसमोर तू आधी पाण्याचा गिलास ठेवायचीस. ती प्यायली तर टेप काढायचीस. नाही प्यायली तर म्हणायचीस, "मशीन बिघडली हाये, बाई. पुढच्या आठवड्यात या."

हे दोन्ही नियम मला नववीपर्यंत नीट कळले नव्हते. म्हणून ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी दोन चुका केल्या, एकामागोमाग.

नंदा माझ्या वर्गात होती. तिच्या घरी संत्र्याचा बगीचा, घरात दोन नोकर आणि सोवळं-ओवळं पाळणारी आजी. तिच्या आईला मी काकू म्हणायचे. एक दिवस काकूंनी मला तीन पातळं दिली, पिवळं, आकाशी आणि एक बारीक फुलांचं. "घेऊन जाय. तुह्या आत्याच्या हातात कला हाये, तुले काही शिवून देईन." बुद्धजयंतीची वैशाख पौर्णिमा जवळ आली होती. मामांच्या धोतरांच्या पांढऱ्या रंगाला मी कंटाळले होते. ती पातळं छातीशी धरून मी पळत घरी आले. तू खूश होशील असं मला वाटलं होतं.

तू गाठोडं उघडलंसुद्धा नाहीस.

"वापस देऊन ये."

"आत्या, त्यांनी प्रेमानं दिलं."

"प्रेमानं दिलं तं प्रेमानंच वापस कर. सांग, शिवून पायजे असन तं घेऊन या. द्याचं असन तं नाई पायजे."

भर दुपारी मी ते गाठोडं घेऊन परत गेले. तो रस्ता मला आजही आठवतो. नंदा दारात उभी होती. मी तुझा निरोप शब्दाला शब्द सांगितला, कारण त्यात बदल करायची हिंमत नव्हती. काकूंचा चेहरा उतरला. मी घरी येऊन तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. तू विचारलंस, "भाकर खाशीन का रागच खाशीन?" मी म्हटलं, "रागच." "बरं. रागात मीठ टाकून घे."

चार दिवसांनी काकू आल्या. तेच गाठोडं घेऊन, डोक्यावर पदर, घामाने डबडबलेल्या. "नंदासाठी कमीज पायजे. सुजातासारखे, लेसवाले." तू त्यांना सतरंजीवर बसवलंस. पितळी गिलासात पाणी आणून समोर ठेवलंस. काकूंनी गिलासाकडे पाहिलं. ओठ कोरडे पडलेले दिसत होते. त्यांनी गिलास हाताने थोडा बाजूला सरकवला आणि पिवळं पातळ उलगडू लागल्या.

तू म्हणालीस, "मशीन बिघडली हाये, बाई."

आणि मी, शहाणी, कोपऱ्यातून म्हणाले, "नाही आत्या, आत्ताच तं चालत होती!"

काकूंनी मशीनकडे पाहिलं. मग तू हसलीस. "पोरीले मशीनीचं काय समजते? वरून चालते, आतून बिघडते."

काकू उठल्या. त्या गेल्यावर तू मला रागावली नाहीस, हेच मला जास्त लागलं. तू फक्त गिलासातलं पाणी टरारून वाढलेल्या सदाफुलीच्या बुडात ओतलंस. मग मला समजावून सांगितलंस. सगळं ऐकून मला भीती वाटली. काकूंच्या आळीतल्या बायका एकमेकींना विचारून कामं देत. काकू फिरल्या तर त्यांच्यामागून आणखी घरं फिरतील, आणि तुझा सगळा धंदा उन्हाळ्याच्या त्या तीन-चार महिन्यांचाच होता. माझी दहावी त्यावरच उभी होती. बाबांनी निरोप धाडला होता की जमत नसेल तर पोरीला परत पाठव, शेतात निंदणाला हात कमी आहेत.

"आत्या, एकदा शिवून दे ना. एकदाच."

"आन् तू शाळेत काय सांगशीन? का आमच्या घरचं पाणी चालत नाई, पण हात चालते?"

पुढचे आठ-दहा दिवस एकही गाठोडं आलं नाही. तू रोज सकाळी मशीनला तेल द्यायचीस, पुसायचीस आणि आपल्याच घरातले कपडे उसवून पुन्हा शिवत बसायचीस. मी रोज सकाळी मनात बोरगावला जायची पेटी भरायचे.

मग एका दुपारी काकू पुन्हा आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "सुधरली का मशीन?"

"सुधरली नं. बसा."

तू गिलास ठेवलास. काकूंनी तो उचलला, एका दमात संपवला, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, "गोड हाये वं पाणी. कोणत्या विहिरीचं?"

"नगरपालिकेच्या नळाचं. तुमच्या इथं येते तेच."

काकू इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसू लागल्या. तू टेप काढलास.

नंदाच्या त्या पिवळ्या कमीजला तू जी लेस लावलीस तशी दुसरी मी पाहिली नाही. गळ्याजवळ लहान लहान कमानी, आणि बाहीच्या जोडावर गव्हाच्या ओंबीसारखी वीण. नंदा शाळेत सगळ्यांना सांगत सुटली की पंचफुलाबाईंनी केलं. त्या उन्हाळ्यात मशीन पुन्हा बिघडली नाही असं नाही. दोन-तीनदा बिघडली. पण गाठोडी येत राहिली, आणि मी दहावीला बसले. मग अकरावी, मग कॉलेज. तुझ्या पायाखालच्या त्या मशीनवर माझी बी.ए. झाली, हे मी प्रत्येक अर्जात लिहायला हवं होतं. अर्जात तसा रकाना नसतो.

बी.ए. झाल्यावर मी तुझ्याशी भांडायला लागले, आठवतं? मी म्हणायचे, आत्या, आता कायदा आहे. एक गिलास पाणी पाजून कुणी बदलत नाही, आणि काकूंसारख्या बाईला सासूच्या धाकात असं पेचात पकडायचं म्हणजे जुलूम आहे. कशाला लोकांची परीक्षा घ्यायची?

"तू तीन वर्सं परीक्षा दिली, मी इचारलं का कायले म्हून?"

"ती वेगळी."

"त्याईनं बदलावं म्हून नाई पाजत मी. माहा हात मोकळा चालावा म्हून पाजतो. जिच्या मनात माह्या हाताची घाण हाये तिच्या लेकराच्या गळ्याची लेस माह्यानं सरळ येत नाई. तिरपी जाते. करून पायली म्या."

हे भांडण संपलं नाही. अजूनही मला वाटतं की तू काकूंवर थोडी कठोर झालीस. आणि अजूनही मला त्यावर तुझ्याइतकं चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

आता जे सांगायचं राहिलं ते.

सौंसरला नोकरी लागली तेव्हा मी खोली शोधत फिरले. तीन ठिकाणी आडनाव विचारून "खोली दिली गेली" असं सांगितलं. चौथ्या ठिकाणी मालकीणबाईंनी विचारलं, "कुठली?" मी म्हटलं, "बोरगावची, सुजाता." त्या आपणच म्हणाल्या, "मंग कुणब्याची असशीन." मी मान हलवली. एवढंच केलं. एक शब्दही खोटं बोलले नाही असं मी स्वतःला सांगत राहिले.

मागच्या उन्हाळ्यात तू न कळवता पांढुर्ण्याच्या बसने आलीस. पिशवीत माझ्यासाठी ब्लाउज होता, तुझ्या आवडत्या हिरव्या लुगड्याचा, गळ्याला लेस. मालकीणबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ब्लाउज हातात घेऊन पाहिला. "माय वं, काय सुंदर! कुठून आणला?"

मी म्हटलं, "नागपूरचा. रेडिमेड."

"आन् ह्या कोण?"

आत्या, तू माझ्याकडे पाहिलंस. मी फक्त जमिनीकडे पाहत उभी राहिले, आणि तू त्या दोन क्षणांत सगळं समजलीस. पिशवीतून टेप काढलास आणि म्हणालीस, "शिवणारी हाये, बाई. माप घ्याले आली."

आणि तू खरंच माझं माप घेतलंस. त्या ओसरीवर, मालकीणबाईंच्या देखत. खांदा, छाती, बाही. तुझी बोटं नेहमीसारखीच चालली, एकदाही थांबली नाहीत. "बारीक झाली तुमची बाई," मालकीणबाईंना म्हणालीस. "खात नाई वाटते." तुझ्या तोंडून 'तुमची बाई' ऐकताना मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

खोलीत आल्यावर मी तुला पाणी दिलं. मला वाटलं, आता तू गिलास सरकवशील. आता माझ्यासाठी मशीन बिघडेल. तू पाणी घेतलंस, सगळं प्यायलीस, गिलास पालथा घातलास आणि म्हणालीस, "दोनची गाडी हाये नं?" मी थांब म्हटलं. तू म्हणालीस गिऱ्हाईक येणार आहे. बसच्या खिडकीतून हात हलवलास. रागावली असतीस तर मी पाया पडले असते. तू मला तेवढीही जागा दिली नाहीस.

महिन्याभराने पार्सल आलं. त्या ओसरीवर घेतलेल्या मापाचे दोन ब्लाउज, दोन्हींना लेस. मापात तसूभर चूक नव्हती. मी लेस डोळ्यांजवळ धरून पाहिली, कुठे तिरपी गेली आहे का म्हणून. सरळ होती.

मी पत्र लिहायला बसले, चार वेळा. तुला वाचता येत नव्हतं, शेजारच्यांकडून वाचून घ्यावं लागलं असतं, म्हणून लिहिलं नाही असं मी म्हणत राहिले. दिवाळीला आले तेव्हा बोलेन म्हटलं, तेव्हाही घर माणसांनी भरलेलं होतं. यंदा होळीनंतर येऊन सांगेन म्हटलं. होळी झाली आणि तुझ्या आजाराची तार आली.

तुला पोचवून मी सौंसरला परतले तेव्हा मालकीणबाई फाटकातच भेटल्या. माझा चेहरा पाहून त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मनाने त्या वाईट नाहीत, हे मला तुला सांगायचं आहे. म्हणाल्या, "कोण गेलं पोरी? सुतक असन तं नळाले हात नोको लावू, मी भरून देतो तुह्यं पाणी. तेरवी कधी हाये?"

मला नुसतं 'नात्यातलं कुणीतरी' म्हणता आलं असतं. त्या पुढे विचारणार नव्हत्या.

मी म्हटलं, "आमच्यात सुतक नसतं, बाई. तेरवी पण नसते. आम्ही बौद्ध आहोत. माझी सख्खी आत्या गेली. मागच्या उन्हाळ्यात माप घ्यायला आल्या होत्या ना, त्याच."

त्यांचा हात माझ्या खांद्यावरून निघाला. त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. मी तुझाच तो हिरवा ब्लाउज घातला होता.

"हे रेडिमेड..."

"रेडिमेड नाही. तिनं केलेलं आहे. तिच्या जुन्या लुगड्याचं. मला तिनंच शिकवलं, तिनंच वाढवलं."

त्यांनी लेस पुन्हा एकदा पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "मंग तवाच सांगाचं होतं नं, पोरी."

"हो बाई," मी म्हटलं, "तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

मला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही, आत्या.

खोलीबद्दल त्या अजून काही बोललेल्या नाहीत. सकाळी समोर आल्या तर मान वळवतात, काल मात्र विचारलं, "जेवली का?" कदाचित महिनाअखेर सोडायला सांगतील, कदाचित नाही. सांगितलं तर मी दुसरं दार वाजवेन. तिथे कुणी काही विचारायच्या आधी माझं पूर्ण नाव सांगेन, आणि लगेच पुढे सांगेन की मी पांढुर्ण्याच्या पंचफुलाबाईंची भाची आहे. शिवणाऱ्या पंचफुलाबाईंची.

तुझी,
सुजी